मामंजींचा ससा

२६ नोव्हेंबर १९३६, मोताळा

हसावं की रडावं! महिना झाला मामंजींची वाचा जाऊन. डॉक्टर मलकापूरहून दोनदा येऊन गेले, औषधाच्या तीन बाटल्या रिकाम्या झाल्या, आणि आज म्हणतात काय — "बाई, घरात एखादं जनावर पाळा."

जनावर! मी विचारते काय आणि हे सांगतात काय! म्हणे उजवा हात चालतो, घास गिळतो, डोळ्यांत समज पुरी आहे. जीभ अडली आहे ती थोडी रोगानं आणि थोडी लाजेनं. "माणसासमोर तोतरं बोलायची लाज वाटते अशा रोग्याला. मुक्या जिवासमोर वाटत नाही. हाताला काही मऊ, जिवंत लागू द्या." जाता जाता आणखी एक बजावलं — वाचा येईपर्यंत बैलगाडीत घालायचं नाही. हिसक्यानं दुसरा झटका आला तर खेळ खलास.

पंजाबराव भाऊजी तिथेच उभे होते. मामंजींचा धाकटा मुलगा, आता एकुलताच; रोहिणखेडचं घर-शेती त्यांच्याकडे. म्हणाले, "बोलायले लागले का मी दोघायलेबी रोहिनखेडले नेतो, वहिनी. बाबाचं करायले घरात तुमीच पायजे. शाळा-गिळा पुरे झाली आता."

दसऱ्यानंतरच्या बाजाराला मामंजी आले, नेहमीसारखे माझ्या ओट्यावर टेकले, पाणी मागितलं आणि गडवा हातात घेता घेता कोसळले. तेव्हापासून इथेच आहेत. 'हे' गेले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. डोईवर पदर घेऊन चुलीपुढे बसवायच्या ऐवजी मामंजींनी मला शिकवलं, अमरावतीला ट्रेनिंगला धाडलं. अख्खं गाव तोंडावर हसलं. नऊ वर्षं झाली मला कौन्सिलच्या मुलींच्या शाळेत. ते बोलू लागले की पहिलं वाक्य हेच बोलतील — "तिची शाळा सुटनार नाही." मग भाऊजींची काय टाप आहे? मला त्यांची वाचा हवी आहे. त्यांच्यासाठी हवी आहे आणि माझ्यासाठीही हवी आहे. कागदाशी खोटं कशाला बोलू?

२८ नोव्हेंबर

मांजर मामंजींना चालत नाही. कुत्रं घरात घेतलं तर शेजारच्या तानुबाई — माळकरी बाई — माझ्या घरचं पाणी सोडतील. झुंबरबाई मी शाळेत असते तेव्हा मामंजींजवळ बसते. तिचं मत — "पोपट आना मास्तरीनबाई. थो बोलीन, त पाटीलबाबाले लाज वाटीन." अशी लाज वाटत असती तर माझ्या तोंडाच्या पट्ट्यानं केव्हाच वाटली असती!

मलकापूर स्टेशनातल्या एका गार्डसाहेबांच्या घरी पांढरे ससे आहेत, असं चौथीतली एक मुलगी सांगत होती. ससा ओरडत नाही, चावत नाही, पाला खातो. बघू.

५ डिसेंबर

मोटारीनं मलकापूर. अंग धुळीनं माखलं, डोकं ठणकतंय, पण ससा आणला.

गार्डसाहेबांची बायको गोव्याकडची, मराठी बरं बोलते. पाच ससे एका खोलीत मोकळे. मला जमिनीवर बसवलं. "हात पुढे धरा आणि गप राहा. जो हुंगायला येईल तो तुमचा." दोन आले. एकानं तर पोलक्याचं बटणच ओढलं! मनात म्हटलं हे कार्टं नको. कोपऱ्यात एक अंग चोरून, कान पाडून बसला होता, डोळे अर्धे मिटून. मी म्हटलं, तो द्या.

"तो नको बाई. कोपऱ्यात बसणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. फसाल."

नऊ वर्षं मी वर्ग सांभाळते आहे. गप्प बसणारं लेकरू ते गुणी लेकरू, एवढं मला कळतं. हट्टानं तोच घेतला. तिनं त्याचे दात, कान, शेपटीखाली सगळं दाखवलं, स्वच्छ होतं. टोपलीचं झाकण सुतळीनं बांधून दिलं. आणि मोटारीत क्लीनर सगळ्यांदेखत ओरडतो — "काय मास्तरीनबाई, आज रस्सा काय?" आख्खी मोटार हसली.

६ डिसेंबर

टोपली मामंजींच्या बाजेवर उघडली. मामंजींनी सशाकडे पाहिलं. मग चुलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मी विसरलेच होते! चाळीस वर्षं या माणसानं रोहिणखेडच्या डोंगरात जाळी लावून ससे धरले. उकंडराव पाटलाच्या घरचा सशाचा रस्सा पंचक्रोशीत नावाजलेला. आणि मी त्यांना पाळायला ससा आणला!

"खायचा नाही हा," मी म्हटलं. "कुरवाळायचा." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

९ डिसेंबर

हजेरीपट खाल्ला. तिसरीचा. निम्म्या मुली पोटात गेल्या!

१० डिसेंबर

तो गुणी वगैरे काही नाही. तीन दिवस घर जोखत होता, बस्स. आता बाजेचा सुंभ कुरतडतो, सूप कुरतडतो, माझ्या लुगड्याचा पदर कुरतडतो. सारवलेली जमीन उकरून हातभर खड्डा केला. शाळेतून यायचं, स्वयंपाक करायचा, मामंजींचं करायचं आणि मग शेण कालवून खड्डे लिंपायचे! मी रागावले की मागचा पाय जमिनीवर आपटतो. मलाच दम देतो! झुंबरबाईनं त्याचं नाव पांढऱ्या ठेवलं — बैलाचं नाव. शोभतं.

१३ डिसेंबर

देवाच्या कोनाड्याखालचा कोपरा त्यानं लघवीसाठी धरला. दुसऱ्या कोपऱ्यात राख घातली, फुटकं घमेलं ठेवलं, टोपलीखाली कोंडून पाहिला. सुटला की त्याच कोपऱ्यात. तानुबाई दारातूनच म्हणाल्या, "काऊन वं बाई, देवापुढं हे असं?" चार दिवस झगडले. आज हरले. घमेलं त्याच कोपऱ्यात ठेवलं आणि देव समोरच्या भिंतीवर नेले. ससा जागचा हलला नाही, देव हलले!

मामंजींच्या मिशीखाली काहीतरी झालं. हसले असावेत. मला मात्र हसू आलं नाही.

१७ डिसेंबर

पहिलीचं पुस्तक घेऊन त्यांच्यापुढे बसते रोज. "म्हणा — क. कमळ. म्हणा — पाणी." चौदा दिवसांत एक अक्षर नाही. माझ्याकडे अशा नजरेनं बघतात की जसं काही मीच ढ आहे. आज पुस्तक आपटलं मी. सत्तरीच्या माणसापुढे! मग चूल पेटवताना रडू आलं, रागानंच आलं.

ससा मात्र आता त्यांच्या कुशीत असतो. हरभऱ्याचा कोवळा पाला ते एकेक डहाळी त्याला भरवतात. हात पहिल्यापेक्षा चांगला चालतो. डॉक्टर हाताचं म्हणाले ते खरं झालं. जिभेचं कुठं झालं?

२१ डिसेंबर

भाऊजी आले होते. कापसाच्या गाड्या मलकापूरला चालल्या होत्या, वाटेत थांबले. हुरडा आणला, आणि म्हशीच्या सरकीतून पायलीभर सरकी आणली. "सश्याले चारा, गट्ट होईन."

आल्या आल्या तोच सवाल — "बोलले काय, वहिनी, काही?" नाही म्हणताना मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. नापास मुलीच्या बापाला तोंड दाखवावं तसं.

बसले, मामंजींचे पाय चेपले. लिंब तोडल्याचं सांगितलं — विहिरीवरचा, नव्या गोठ्याला जागा हवी म्हणून. मामंजींनी डोळे मिटून घेतले. पोळ्याला माझ्यासमोरच त्यांनी बजावलं होतं, लिंबाला हात लावू नको. भाऊजी "हो बाबा" म्हणाले होते. आजारपणाच्या धांदलीत विसरले असतील.

निघताना खाली वाकले आणि म्हणाले, "बाबा, नुस्तं एकडाव पंजाब म्हना. बाकी काही नका म्हनू." धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत गाडीवर बसले. भाऊजींचा मला राग येतो, पण आज आला नाही. बापासाठी जीव तुटतो त्यांचा.

२७ डिसेंबर

शी! शी! लिहवत नाही. पण लिहिते.

तो ससा आपलीच लेंडी खातो! तीही खाली पडायच्या आत, वाकून, तोंडानं घेऊन. तानुबाईंनी पाहिलं. "नरकातलं जनावर हाये बाई हे! अन् हे तुमच्या भांड्याकुंड्यात?" दुपारभर गल्लीत तोच विषय. माझ्या शाळेतल्या दोन मुलींना त्यांच्या आयांनी पाणी प्यायला घरून गडवे दिले.

वहीच्या पुठ्ठ्याची गोल कॉलर कापली आणि त्याच्या गळ्यात बांधली. आता वाकता येत नाही. मामंजी एकटक बघत होते. त्यांनी हात वर केला, 'नको' म्हटल्यासारखा. मी लक्ष दिलं नाही. घर माझं, देव माझे, नाव माझं चाललंय.

२८ डिसेंबर

शाळेतून आले तर कॉलर काढलेली. मामंजींचंच काम. पुन्हा बांधली.

२९ डिसेंबर

पुन्हा काढली. पुन्हा बांधली. दुहेरी गाठ.

३१ डिसेंबर

दुहेरी गाठ एका हातानं सोडतात! 'क' म्हणायला जमत नाही! आज दोऱ्याऐवजी तार वापरली.

४ जानेवारी १९३७

झुंबरबाई सांगते, "पाटीलबाबा सश्यासंगं काही गुनगुन करून राह्यले होते. मी आली त बंद."

मी हातातलं पीठ तसंच टाकून धावले. बाजेजवळ बसले, हात धरले, विनवण्या केल्या. "मामंजी, एक शब्द. माझ्यासाठी. भाऊजींना एकदा सांगून टाका ना माझ्या शाळेचं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी तोंड फिरवलं.

सशाशी गुणगुणतात, माझ्याशी नाही! जिनं दोन महिने अंग पुसलं, भरवलं, तिच्याशी नाही. मला त्या चार पायांच्या कार्ट्याचा हेवा वाटतो. हसा कोणी!

८ जानेवारी

पांढऱ्या मलूल आहे. पुठ्ठ्यात मान अडकवून बसतो, अंगावरचे केस उभे. शक्ती यावी म्हणून सकाळ-संध्याकाळ मूठभर सरकी भिजवून घालते आहे. आपल्याकडे व्यायलेली म्हैस, दमलेला बैल, सगळ्यांना एकच औषध. खात नव्हता, तर गुळाचं पाणी लावून चारली.

९ जानेवारी

मामंजींनी आज मला पितळी पेला फेकून मारला. मी सरकीची वाटी घेऊन सशाजवळ बसत होते. पेला कपाळाला लागला. इतक्या वर्षांत वाकडा शब्द बोलले नाहीत, आणि आज हे! टेंगूळ आलं. शाळेत मुली विचारतात, बाई पडल्या काय?

रागानं त्यांच्याशी बोलले नाही दिवसभर. बोलून तरी कोण उत्तर देणार होतं!

१० जानेवारी

सशाचं पोट ढोलकीसारखं फुगलं. लेंडी बंद. खाणं बंद.

गेल्या आठवड्यात मी मलकापूरला कार्ड टाकलं होतं, त्या घाण खोडीवर उपाय विचारायला. आज उत्तर आलं. गार्डसाहेबांच्या बायकोनं कुणाकडून तरी लिहवलंय — "ती मऊ लेंडी हेच सशाचं औषध. गाय रवंथ करते तसं ते. ते बंद केलंत तर मरेल. आणि सरकी चुकूनही नको. सरकी सशाला विष."

कार्ड दोनदा वाचलं. कॉलर मी बांधली. तारेनं बांधली. सरकी मी चारली, गुळाचं पाणी लावून. आणि हे सगळं मामंजींना ठाऊक होतं. ज्यानं आयुष्यभर ससे फाडले त्याला सशाच्या पोटात काय असतं ते ठाऊक नसेल? तो माणूस एका हातानं गाठी सोडत होता आणि मी पुन्हा बांधत होते. शिकलेली! मास्तरीण!

तार कापली. सशाच्या मानेवर वळ उठले आहेत. मामंजींच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी टेंगळावरून हात फिरवला.

११ जानेवारी

इन्स्पेक्ट्रेसबाई आल्या होत्या. कुरतडलेला हजेरीपट पाहिला. "हे काय?" मी म्हटलं, ससा. त्यांनी शेरापुस्तकात लिहिलं — 'शिक्षिकेचं लक्ष घरी अधिक.' खोटं काय आहे त्यात?

१२ जानेवारी

पांढऱ्या जिवंत आहे एवढंच. मामंजी त्याला छातीवर घेऊन अंगठ्यानं पोट चोळतात, सकाळपासून. झोपसुद्धा घेत नाहीत. संध्याकाळी दोन लेंड्या टाकल्या तर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, सोनं सापडल्यासारखं. लेंड्या! माझ्या घरात!

१३ जानेवारी

ससा पाल्याचं एक पान चघळला. वाचेल असं वाटतं. पण मी संपले.

अडीच महिने झाले. ना अक्षर, ना शब्द. मी त्यांना बरं करीन असं समजत होते, आणि मला एक ससासुद्धा नीट राखता आला नाही. उद्या संक्रांत, भाऊजी येणार. सांगून टाकणार — भाऊजी, माझ्यानं होत नाही. गाडीत घालायचं नसेल तर बाज उचलायला आठ माणसं आणा, पायी पायी न्या. मीही येते. राजीनामा लिहून ठेवला आहे. दोनच ओळी झाल्या. नऊ वर्षांना दोन ओळी पुरल्या.

मामंजींच्या शब्दाची वाट बघत बसले होते. तो शब्द आता यायचा नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

सकाळी राजीनामा टपालात टाकायला निघाले. तिकीट विसरले म्हणून परसदारानं परत आले. आत कोणीतरी बोलत होतं. जड, शब्दाशब्दाला थांबून, पण साफ.

"खाय बे... खाय. आता काही नाही होत. मी बोललो का पंजाब गाडी जुपते. हिले तथी नेऊन चुलीपुढं बसवते. मी नको म्हनलो, त म्हनीन हो बाबा, अन् करीन आपल्या मनाचं. पडेल मानसाच्या शब्दाले कोन इचारते? मी मुका हाय तवरक हिची शाळा हाय."

मी परसात तुळशीजवळ खाली बसले. राजीनामा हातातच राहिला.

दुपारी भाऊजी तिळगूळ घेऊन आले. मामंजींच्या पायाशी बसले. "बोलले काय वहिनी, काही?" डोळे आधीच भरलेले.

मामंजी माझ्याकडे बघत होते.

"नाही भाऊजी," मी म्हटलं. "एक शब्द नाही."